पाचपेडी

गोपिकेनं दार उघडलं आणि गणपतरावांच्या तोंडाकडे न पाहता आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं. ऑफिसातून घरी येणाऱ्या हेडक्लार्कच्या पायांत पाहण्यासारखं काय असणार? धुळीनं माखलेल्या चपला होत्या आणि मे महिन्याच्या उन्हात भाजून निघालेले दोन पाय होते. पण ती बघतच राहिली. मग वाकून तिनं पँटवरूनच त्यांच्या उजव्या पायाची नडगी चाचपली, डाव्या पायाची चाचपली, पुन्हा उजवीकडे आली आणि उंबरठ्यातच मटकन बसली. "चालत आले तुम्ही?" तिनं विचारलं. डोक्याला बांधलेला दुपट्टा सोडत गणपतराव म्हणाले, "मंग? उडत येऊ काय? सायकल पंक्चर झाली. ऊठ वं, पाणी दे." तेव्हा ती रडायला लागली. इतक्या वर्षांच्या संसारात गोपिका रडली नव्हती असं नाही, पण ती नेहमी चुलीपाशी, धुराचं निमित्त करून रडायची. उघड्या दारात, गणेशपेठेतल्या अख्ख्या गल्लीला दिसेल असं रडणं तिच्या स्वभावात नव्हतं. गणपतराव घाबरले. त्यांना वाटलं, अमरावतीहून चारुशीलेची काहीतरी खबर आली. लेकीला सहावा महिना होता.

खबर लेकीची नव्हती, त्यांचीच होती. दुपारी एक माणूस आला होता. बारीक मिशा, पांढरा शर्ट, काखेत फाईल. गणपतरावांना नावानं ओळखणारा, ऑफिसचं नाव सांगणारा, त्यांची दांड्याला दोरी गुंडाळलेली सायकलसुद्धा ठाऊक असलेला. तो म्हणाला, व्हरायटी चौकात साहेबांना जीपनं उडवलं, नडगीचं हाड मोडलं, दवाखान्यात नेलंय पण डॉक्टर आधी पैसे ठेवा म्हणतात. गोपिकेनं तुरीच्या डाळीचा डबा परातीत पालथा केला. तळाशी कापडात बांधून ठेवलेले चारुशीलेच्या बाळंतपणाचे पैसे त्याच्या हातावर ठेवले. मग तिला वाटलं, कपडे रक्तानं भरले असतील, म्हणून एक इस्त्रीची पँट दिली. मग वाटलं, उन्हातानात पडलेला माणूस, तहान लागली असेल, म्हणून बाटलीत लिंबाचं सरबत करून दिलं. माणूस ते सगळं घेऊन गेला. संध्याकाळपर्यंत ती दारामागे बसून होती, कारण त्या माणसानं सांगितलं होतं, बाई, तुम्ही येऊ नका, बाईमाणसाचं तिथं काम नाही.

गणपतरावांच्या तोंडात राग आला होता. पैसे काही आभाळातून पडलेले नव्हते, आणि बायकोला चार शब्द ऐकवण्याचा नवऱ्याचा हक्क त्यांनी आजवर कधी बुडू दिला नव्हता. पण शब्द बाहेर पडले ते भलतेच. ते म्हणाले, "सरबतात काळं मीठ टाकलं होतं काय?" गोपिका पदरानं नाक पुसत म्हणाली, "टाकलं ना. तुमाले साखरेचं कुठं चालते?" आणि गणपतरावांना एकदम वाटलं की या शहरात कुठेतरी, एखाद्या झाडाखाली बसून, एक भामटा त्यांचं काळ्या मिठाचं सरबत पितो आहे, त्यांची पँट त्याला कमरेत सैल होते आहे, आणि थोडा वेळ का होईना, तो गणपतराव झाला आहे. ही कल्पना त्यांना पैशांपेक्षा जास्त बोचली. त्यांची नडगी त्या रात्री खरोखरच दुखली.

पैशांचं दुःख महिन्याभरात ओसरलं, पण गोपिका ओसरली ती भरून येईना. शेजारच्या सिंधूताई उठता बसता म्हणायच्या, "मी असती तर त्याले खुर्चीले बांधून ठेवला असता बाप्पा!" सिंधूताईंना बोलायला काय जातं? त्यांच्या घरात तर खुर्चीच नव्हती. पण गोपिका ते ऐकून घ्यायची आणि आणखी थोडी लहान व्हायची. पूर्वी गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जाणारा तिचा आवाज आता भिंतीलाही पोचत नव्हता. दारावर थाप पडली की ती आधी खिडकीच्या फटीतून बघायची. पोस्टमनला ती त्याच्या बापाचं नाव विचारायला लागली. दूधवाल्या भैय्याजीनं, ज्यानं चारुशीलेला मांडीवर खेळवलं होतं, महिन्याचं बिल मागितलं तर तिनं त्याला उभं राहायला लावून दोन शेजारणींकडून ओळख पटवून घेतली. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं गणपतराव हसून म्हणाले, पण त्यांना हसू आलेलं नव्हतं. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकून पितं. गोपिका पाणीसुद्धा फुंकायला लागली होती.

आणि तरी तिचं डोकं आत काम करत होतं, हे त्यांना हळूहळू कळत गेलं. पोळी लाटता लाटता ती मध्येच थांबायची आणि म्हणायची, "त्यानं पाणी नाही घेतलं." ते वर्तमानपत्रातून डोकं काढून विचारायचे, "कोणी?" "त्यानं. बर्डीवरून भर उन्हात धावत आलो म्हणे. अन् मी पाणी देऊन राहिली तर नको म्हणे. खरा माणूस असा येतो काय? तो आधी माठ कुठी हाय ते पुसते." मग दोन दिवस काही नाही. मग कपडे वाळत घालताना: "शेजारी काही सांगू नका, उगाच कल्ला होईल, म्हणे. काहून सांगू नये? माणूस मोडला तर शेजाऱ्याले नाही तर कोनाले सांगाव?" मग एकदा भाजी निवडताना, मान खाली घालून: "त्यानं मले इचार नाही करू देला. मी काही बोलली का तो म्हणे, टाइम नाही बाई, टाइम नाही. टाइम त्याले नव्हता. तुमची नडगी तर कुठी पळून जाऊन राहिली नव्हती." गणपतराव ऐकत राहायचे. ऑफिसात खोटी बिलं पकडण्याबद्दल त्यांचं नाव होतं, पण एका बिलाकडे इतक्या बाजूंनी त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना बायकोचं फार कौतुक वाटायचं, आणि ते बोलून दाखवायचं कसं हे माहीत नसल्यामुळे ते म्हणायचे, "चहा ठेवतेस काय?"

एका सुट्टीच्या सकाळी ते म्हणाले, "आपण एक खूण ठरवू." गोपिका तांदळातले खडे वेचत होती. "कशाची खूण?" "पुढे कधी खरंच काही झालं अन् मी कोणाले घरी पाठवलं, तर तो ते खूण सांगेल. सांगितली तर तो माहा माणूस. नाही सांगितली तर दार लावून घे, मग तो देव का असेना." गोपिकेचे हात थांबले. कितीतरी दिवसांनी तिच्या डोळ्यांत जुनी चमक आल्यासारखं त्यांना वाटलं. "म्हंजे फक्त आपल्या दोघाइलेच माहीत असन असं काही," ती म्हणाली. "हो," गणपतराव म्हणाले, आणि दोघंही विचार करायला लागली. सोपं काम वाटलं होतं. इतका संसार केला, त्यात दोघांचं म्हणून काहीतरी असणारच.

पण काढायला गेलं तर काही निघेना. गणपतराव म्हणाले, लग्नानंतर मी तुला पहिल्यांदा घेतलेलं लुगडं. गोपिका म्हणाली, ते सिंधूताईला माहीत आहे, तिला काय, बोहारणीलाही माहीत आहे. चारुशीलेचं पाळण्यातलं नाव आधी काय ठरलं होतं? ते गावाकडे आख्ख्या काटोलला ठाऊक होतं, कारण त्यावरून गणपतरावांच्या आईनं दोन दिवस अन्न सोडलं होतं. एकदा रागानं गोपिका माहेरी जायला निघाली आणि स्टेशनावरून परत आली, ते? तिला परत आणायला गल्लीतली निम्मी माणसं स्टेशनावर गेली होती. रामटेकला चुकलेली वाट, उसनी आणलेली अंगठी, जळालेली पुरणपोळी, जे जे म्हणून गणपतरावांनी आपलं समजून मनाच्या कप्प्यात जपलं होतं, ते ते बाहेर काढून पाहिलं तर त्यावर दहाजणांच्या बोटांचे ठसे. त्यांना आठवलं, लग्न झालं तेव्हा या दोन खोल्यांत आई होती, दोन भाऊ होते, शिकायला आलेला एक मावसभाऊ होता. नवराबायको आणि बाकीची माणसं यांच्या मध्ये भिंत म्हणून एक जुनी चादर पडद्यासारखी टांगलेली होती. दिवसा बायकोशी बोलायचं तर आईशी बोलल्यासारखं करून बोलायचं. तिला नावानं हाक मारायची सोय नव्हती. ती 'अवं' होती, ते 'अहो' होते. अशा चादरीच्या आडोशाला संसार झाला, लेक झाली, लेकीचं लग्न झालं, पडदा गेला, माणसंही गेली, पण तोवर बोलायची सवयच मोडलेली. गणपतरावांना विलक्षण अस्वस्थ वाटायला लागलं. म्हणजे एखाद्या धीराच्या भामट्यानं महिनाभर गल्लीच्या पानठेल्यावर उभं राहून कान दिले, तर त्याला यांचा सगळा संसार तोंडपाठ करता येईल. मग तो भामटा आणि आपण, यांत फरक काय उरला? कशावरून हे घर आपलं?

"वेणी," गोपिका म्हणाली. तिनं वर पाहिलं नव्हतं. ती ताटातला एकच तांदूळ इकडून तिकडे करत होती.

गणपतरावांचे कान तापले. त्यांना वाटलं होतं, ती विसरली असेल. लग्नाला दोनेक वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. गोपिकेला मोतीझरा झाला होता. ताप उतरला तेव्हा तिच्या कमरेखाली जाणाऱ्या केसांचा पार गुंता होऊन ते वाळलेल्या कडब्यासारखे झाले होते. आई म्हणाली, आता हे कापूनच टाकावे लागतील. गोपिका भिंतीकडे तोंड करून पडली. दुसऱ्या दिवशी आई देवळात गेली, भाऊ शाळा-कॉलेजात गेले, आणि गणपतरावांनी ऑफिसला पोटदुखीचा निरोप पाठवून दाराला आतून कडी लावली. तेलाची वाटी घेऊन ते तिच्यामागे बसले. एकेक बट सोडवायला घेतली. तिची मान इतकी अशक्त झाली होती की डाव्या हातानं त्यांना ती धरून ठेवावी लागत होती. त्या मानेचा ऊबदारपणा, मागे कानापाशी असलेला तीळ, तेलाचा आणि आजाराचा मिसळलेला वास, खिडकीबाहेर ओरडत गेलेला कल्हईवाला. केस सुटले तेव्हा प्रश्न पडला, आता यांचं करायचं काय? गणपतरावांना वेणी कुठे येत होती? पण लहानपणी काटोलकडच्या शेतात ते पोळ्यासाठी बैलांचे गोंडे आणि तोंडावर बांधायच्या मोरक्या विणायचे, त्यात पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पाच पेडांची मोरकी ते डोळे मिटून विणत. हात आपोआप चालले. बाहेरचा पेड दोघांवरून आत, मग दुसऱ्या बाजूचा तसाच आत. विणून झाल्यावर गोपिकेनं हात मागे नेऊन चाचपलं, आणि आजारानंतर पहिल्यांदा तिचा आवाज फुटला, "मले बैल समजले काय?" आणि दोघं पोटावर हात दाबून, आवाज न करता, कढईत पाणी उकळावं तशी हसली.

त्यानंतर ते चालू राहिलं. आई देवळात गेली, घर थोडं रिकामं झालं, की ती न बोलता फणी त्यांच्यापुढे ठेवायची आणि पाठ करून बसायची. बायका विचारायच्या, गोपिके, ही पाचपेडी कुठे शिकलीस वं, मागून कशी घालतेस? ती म्हणायची, सवय आहे. ऑफिसातल्या लोकांना कळलं असतं, हेडक्लार्क होऊ घातलेला गणपतराव घरी बायकोची वेणी घालतो, तर त्यांनी शहर सोडलं असतं. पुढे एका दुपारी लहानगी चारुशीला अचानक आत आली आणि गणपतरावांच्या हातून फणी पडली. "बाबा काय करून राहिले?" "ऊ बघून राहिले," गोपिका म्हणाली. तेवढ्यानं वेळ निभावली. पण मग पुढच्या खेपेला फणी पुढे आली नाही, त्यांनीही मागितली नाही. कोणी काही ठरवलं नव्हतं. मग केस गळले, पांढरे झाले, वेणीचा अंबाडा झाला. कधीमधी ती केस विंचरताना ते बघायचे, आणि बोटांना काहीतरी आठवल्यासारखं व्हायचं, आणि ते चष्मा पुसायला घ्यायचे.

"असं कसं सांगता येईल कोणाले?" गणपतराव म्हणाले. "काहून नाही? मी इचारन, माही वेणी कोन घालत होतं? त्यानं म्हणाव, साहेब घालत होते. झालं." "अवं पण परक्या माणसाले..." "म्हणूनच तं!" गोपिका म्हणाली. तिचा आवाज चक्क गल्लीत गेला. "भामट्याले हे सात जन्मात सुचनार नाही." तिनं ताट उचललं आणि आत गेली, आणि आतून ती कितीतरी वेळ हसत असल्याचं त्यांना ऐकू येत होतं. ती हसते आहे यापुढे बाकी सगळं त्यांना क्षुल्लक वाटलं. ते म्हणाले, ठीक आहे. मनात म्हटलं, वेळ थोडीच येणार आहे?

वेळ डिसेंबरात आली. चारुशीला बाळंत होऊन, बाळ घेऊन परत अमरावतीला गेली होती. विधानसभेचं अधिवेशन चालू होतं, शहरभर जीपगाड्यांचा सुळसुळाट होता. ऑफिसला सुट्टी होती म्हणून गणपतराव गोपिकेच्या चष्म्याची तुटलेली काडी बसवून घ्यायला बर्डीवर गेले होते. व्हरायटी चौकात एका जीपनं वळण घेतलं आणि त्यांच्या सायकलचं मागचं चाक बाजूला सारलं. मोठं काही नव्हतं. ते अगदी सावकाश, जवळजवळ अदबीनं पडले. पण सायकल पायावर आली, आणि उजव्या नडगीत काहीतरी कट्‌कन वाजलं. लहानू नावाच्या सायकलरिक्षावाल्यानं त्यांना उचललं, सायकल एका दुकानापाशी लावली आणि जवळच्याच हाडांच्या दवाखान्यात आणून बाकावर आडवं केलं. डॉक्टर भले होते. फोटो काढला, हाड बसवलं, प्लॅस्टर घालायला घेतलं. कंपाउंडर फक्त म्हणाला, "साहेब, घरून कोनाले तरी बोलवा. पैशाचंही पाहाव लागन, अन् तुमाले न्यावही लागन." गणपतरावांच्या खिशात चष्म्याच्या काडीचे उरलेले सुटे होते. लहानू म्हणाला, "मी जातो जी. पत्ता सांगा."

पत्ता सांगितला आणि मग गणपतरावांच्या ध्यानात आलं. हा जाऊन काय सांगणार? व्हरायटी चौकात साहेबांना जीपनं उडवलं, नडगी मोडली, पैसे पाहिजेत. त्या भामट्यानं मे महिन्यात जे सांगितलं होतं, ते शब्दन्‌शब्द. दैवानं थट्टा करावी तर किती? निदान दुसरं एखादं हाड मोडायचं होतं. क्षणभर त्यांच्या मनात आलं, लहानूला सांगावं की घोटा म्हण. पण खऱ्याला खरं ठरवायला खोटं बोलायचं हे त्यांच्या हेडक्लार्की मनाला पटेना. "ते खूण विचारेल," ते म्हणाले. "कोन जी?" "घरची. खूण विचारेल. त्याशिवाय दार नाही उघडणार." "मंग सांगा ना खूण," लहानू म्हणाला. तो वयानं त्यांच्याएवढाच असेल, कानाला मफलर, थंडीतही कपाळावर घाम. गणपतरावांनी तोंड उघडलं. समोर लहानू, बाजूला प्लॅस्टर कालवणारा कंपाउंडर, पलीकडच्या बाकावर हात गळ्यात बांधलेले एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची सून. सगळे ऐकत होते. गणपतरावांनी तोंड मिटलं. "म्हणावं..." ते म्हणाले, "म्हणावं का मी..." घसा खाकरला. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. इतकी वर्षं कडी लावून जपलेलं ते, हाड मोडलं म्हणून असं दवाखान्याच्या बाकावर ठेवायचं? ते लाजेनं अर्धमेले झाले. "काही नाही," ते शेवटी म्हणाले. "नाही सांगता येत. तू जा." लहानूनं त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं, मफलर आवळला आणि गेला.

मग वाट पाहणं. पाय जड होत चालला होता, प्लॅस्टर आधी गार आणि मग चमत्कारिक गरम लागत होतं. गणपतराव छताकडे बघत पडले. ती येणार नाही. खूण नाही म्हणजे दार लागणार, हे त्यांनीच शिकवलं होतं. लहानूच्या तोंडावर दार लागेल, आणि गोपिका दाराला टेकून उभी राहील, आणि म्हणेल, या वेळेस नाही फसली मी. तिनं असंच करावं. ती आलीच तर याचा अर्थ ती पुन्हा फसायला तयार आहे, कोणीही यावं, नडगी म्हणावं आणि तिला घेऊन जावं. नको, नको यायला तिनं. ते स्वतःला पुन्हा पुन्हा हे सांगत होते आणि कान मात्र रस्त्यावरच्या प्रत्येक रिक्षाच्या घंटीकडे लागले होते. म्हाताऱ्या गृहस्थांची सून त्यांना पाणी पाजत होती, पदरानं त्यांची हनुवटी पुसत होती. गणपतरावांना तहान लागली. मेला तो भामटा, ते मनात म्हणाले, त्याला सरबत मिळालं. त्याच्या खोट्या नडगीला सरबत, आणि माझ्या खऱ्या नडगीला काही नाही, कारण काय, तर मला लाज वाटते. आयुष्यभर लाजच वाटली. फणी मागायची लाज, नावानं हाक मारायची लाज, कौतुक करायची लाज. भामट्याला लाज नाही म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पायावर ढकललं.

घंटी वाजली. आधी लहानू आत आला, आणि त्याच्यामागून गोपिका. ती चष्म्याविना डोळे बारीक करून बाक शोधत होती. एका हातात पिशवी, पिशवीतून बाटलीचं तोंड बाहेर आलेलं. तिनं गणपतरावांना पाहिलं, जवळ आली, आणि तोंडाकडे न पाहता आधी पायाकडे पाहिलं. प्लॅस्टरवर हलकेच बोट ठेवलं. "या वेळेस खरीच मोडली," ती म्हणाली.

"तू काहून आली?" गणपतराव म्हणाले. आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा कडक निघाला. "त्यानं खूण सांगितली होती काय? पुन्हा तसंच केलंस?"

गोपिका बाकाच्या कडेवर टेकली. "मी दार लावूनच घेतलं होतं," ती म्हणाली. "फटीतून म्हटलं, खूण सांग. हा म्हणे, खूण नाही बाई. साहेबाले सांगताच येऊन नाही राहिली. तोंड उघडते अन् बंद करते, उघडते अन् बंद करते. कान असे लालबुंद झाले का मले वाटलं, जीपचा मार कानाले लागला." ती हसली. "म्हटलं, हे आमचेच आहेत. भामटा असता तं दहा खुणा घेऊन आला असता."

"अन् मी आणखी काय म्हटलं ते सांगा ना बाई," लहानू म्हणाला. "हो," गोपिका म्हणाली, "पानी इचारलं तं दोन गडवे गटागटा पेला. अन् म्हणे, पैसे तुमच्याजवळच ठेवा, तुम्हीच बसा रिक्षात. सिंधूताईले सांगून निघाली मी. ते बी येत होती, म्हटलं, तू घर पाहाय." तिनं बाटली काढली, बूच उघडलं आणि त्यांच्या ओठाला लावली. काळं मीठ जरा जास्तच पडलं होतं. गणपतराव एकेक घोट घेत होते, आणि त्यांना कळत होतं की ही बाई फसलेली नाही, कधी फसणारही नाही. जे सांगता आलं नाही ते तिनं ऐकलं होतं. घरभर शोधून जे सापडत नव्हतं, ते हेच होतं. त्यांना ते सांगायचं होतं. तोंड उघडलं, आणि सवयीनं मिटलं.

मग त्यांचं लक्ष गेलं. डोक्यावरून घेतलेला तिचा पदर रिक्षातल्या वाऱ्यानं मागे घसरला होता आणि खाली केस मोकळे होते. ओले. पाठीवर पोलकं भिजलेलं. ती नाहून केस वाळवत बसली असणार, आणि तशीच उठून, मोकळ्या केसांनी, भर बर्डीतून आली होती. गोपिकेला त्यांची नजर कळली. तिनं घाईनं पदर ओढायला हात वर नेला. गणपतरावांनी तो हात धरला. "गोपिका," ते म्हणाले. सगळ्यांसमोर. नावानं. "इकडे पाठ कर."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मग कंपाउंडरकडे, लहानूकडे, म्हाताऱ्या गृहस्थांकडे पाहिलं. मग पिशवी मांडीवर घट्ट धरून तिनं पाठ केली. गणपतराव कोपरावर जोर देऊन उठून बसले. फणी नव्हती. बोटांनीच त्यांनी गुंता सोडवला. कानामागचा तीळ जागेवरच होता. पाच पेडांना पुरतील एवढे केस आता उरले नव्हते, एकेक पेड सुतळीएवढा भरत होता, पण त्यांनी पाचच पाडले. बाहेरचा दोघांवरून आत, मग दुसऱ्या बाजूचा तसाच आत. कान तापले होते, ते त्यांना जाणवत होतं. तापू दिले.

लहानूनं मफलर सोडला, पुन्हा बांधला, आणि मग त्याला काय ते उमगलं असावं.

"साहेब," तो म्हणाला, "खूण हेच होती का जी?"

"थांब जरा," गणपतराव म्हणाले. "पाचपेडीत मधी बोलता येत नाही. पेड चुकते."